जुन्या कपड्यांत नवी फॅशन

संपादक महोदय,

बदलत्या फॅशनमागे पगार उधळण्यापेक्षा वापरलेल्या कपड्यांच्या दुकानात जरूर डोकवावे. १९७० च्या दशकातली बेलबॉटम पुन्हा आलीच आहे ना! नवी तऱ्हा आपल्याला शोभते का, हे तिथे स्वस्तात कळते. ‘दुसऱ्याचे उतरलेले’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगायला हवे, की एका नव्या सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते असा अंदाज आहे.

मात्र कपडा उलटा करून पाहावा. सैल इलॅस्टिक बदलता येते, काखेतले जुने पिवळे डाग सहसा हटत नाहीत. लेबलवरच्या साइजवरही विसंबू नये. जुनी मापे बरेचदा आजच्यापेक्षा लहान निघतात. टेप सोबत असलेली बरी.

– एक वाचक