"जाऊ दे" न म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

आपण दर मंगळवारी भेटतोच. तरी हे पत्र चार लोकांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण मुलांकडे परदेशी येऊन हळूहळू गप्प झालेली माझ्यासारखी माणसं बरीच आहेत. त्यांच्याही हाती ते पडावं.

कमी ऐकू येणाऱ्याच्या मनाला सगळ्यात जास्त काय लागतं, सांगू? लोक ओरडून बोलतात ते एक वेळ चालतं. पण सगळे हसतात, आपण विचारतो "काय झालं?", आणि समोरचं माणूस हात हलवून म्हणतं, "काही नाही, जाऊ दे." फलटणला ३१ वर्षं मी मुलांचे पाढे ऐकले. शेवटच्या रांगेतलं पोर सतरा चोकला अडखळलं तरी मला कळायचं. सिडनीला लेकीकडे आले तोवर नातवाचं बोलणं ओठांवरून ताडायची वेळ आली होती. कानाचं मशीन घेतलेलं, पण ते खणात. लाज वाटायची. मग विचारणंच सोडून दिलं.

तुमच्या वाचनालयात मी यायचे ती थंडीत जरा उबेला बसावं म्हणून. पहिल्या दिवशी तुम्ही काहीतरी विचारलंत आणि मी सवयीने मान डोलावली. तुम्ही ओळखलंत. पाठकोरे कागद आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसलात आणि लिहिलंत, "मराठी ना? चहा घेणार का, असं विचारलं होतं." तो कागद अजून माझ्या पोथीत आहे.

त्याच कागदांवर पुढे हेन्री लॉसन हा ऑस्ट्रेलियन लेखक आला. तुम्ही लिहिलंत: जन्म १८६७, न्यू साउथ वेल्समधल्या ग्रेनफेलच्या सोन्याच्या खाणींवर, बाप नॉर्वेचा खलाशी, इथे येऊन खाणकामगार झालेला, नवव्या वर्षी कान दुखू लागले आणि चौदाव्यापर्यंत ऐकू येणं जवळजवळ बंद. विशीत मेलबर्नच्या डोळ्या-कानाच्या इस्पितळात जाऊन आला, उपयोग झाला नाही. हे वाचून मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही मुद्दाम खिडकीबाहेर बघत होतात. तेव्हाच मला कळलं की हा लेखक तुम्ही माझ्यासाठी शोधून आणलाय.

मग 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही गोष्ट. १८९२ च्या जुलैत 'द बुलेटिन' या साप्ताहिकात आलेली, जेमतेम काही पानांची. मला ती वाचायला पाच मंगळवार लागले. अवघड शब्दांचे अर्थ तुम्ही मराठीत चिठ्ठीवर लिहून पानांत ठेवायचात. ड्रोव्हरपाशी मात्र आपण दोघी अडलो. मी म्हटलं, धनगर. तुम्ही लिहिलंत, "धनगराची बायको बरोबर असते." खरंच की! आमच्याकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात तेव्हा बायको, पोरं, घोडी, कोंबड्या, सगळा संसार बरोबर चालतो. हा माणूस दुसऱ्याची मेंढरं पगारावर शेकडो मैल हाकत नेणारा, आणि बायको चार पोरांनिशी रानातल्या दोन खोल्यांत एकटी. घराखाली साप शिरतो. ती रात्रभर शिवण, काठी आणि कुत्रा घेऊन जागी बसते, आणि वणवा, पूर, गेलेलं मूल, सगळं तिला आठवत राहतं.

त्यातली एक जागा मी कधी विसरणार नाही. तिला रडू येतं, डोळे पुसायला ती रुमाल उचलते आणि बोटंच डोळ्यांत जातात. रुमालाला भोकंच भोकं. एका भोकातून अंगठा, दुसऱ्यातून बोट. आणि तिला हसू फुटतं. माझी आई अशीच होती, ताई. तिच्या पदराला इतकी ठिगळं असायची की मूळ लुगडं कुठलं ते कळू नये. मी वाचनालयात हुंदके दिले. तुम्ही काही लिहिलं नाहीत, नुसता पाठीवर हात ठेवलात.

त्याच गोष्टीत बाई एकटी बाळंत होत असताना मदतीला धावते ती एक काळी बाई, इथल्या मूळ लोकांतली. लॉसन तिला दोन-चार ओळींत उरकतो, आणि त्या लोकांबद्दल त्याने वापरलेले शब्द मला टोचले. मी तसं लिहिल्यावर तुम्ही त्याची बाजू घेतली नाहीत. लिया पर्सेल या मूळ रहिवासी समाजातल्या नाटककार बाईंनी २०१६ मध्ये हीच गोष्ट आपल्या बाजूने रंगभूमीवर मांडली, हे सांगितलंत. मला ते फार आवडलं.

लॉसनचं पुढचं आयुष्यही तुम्ही लपवलं नाहीत. 'बुलेटिन'च्या संपादकांनी पाच पौंड आणि रेल्वेचं तिकीट देऊन त्याला दुष्काळी बर्कला धाडलं, तिथून तो हंगरफर्डपर्यंत पायी गेला आणि परत आला. १८९६ मध्ये 'व्हाइल द बिली बॉइल्स' आलं, नाव झालं. मग दारू, मोडलेला संसार, पोटगी न भरल्याबद्दल पुन्हा पुन्हा तुरुंग. बायकोच्या, बर्थाच्या, हालांचा विचार केला की मला त्याचा राग येतो, आणि तो मी आवरत नाही. १९२२ मध्ये तो गेला तेव्हा सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघाली. १९६६ मध्ये डॉलर आले तेव्हा दहाच्या नोटेवर त्याचं चित्र होतं.

नोटेवर इझाबेल बायर्स नव्हत्या. त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या या बाईंनी त्याला शेवटची जवळजवळ वीस वर्षं सांभाळलं: राहायला जागा दिली, प्रकाशकांशी बोलणी केली, पैशासाठी लोकांना पत्रं लिहिली. सिडनीतल्या ॲबट्सफर्डला त्यांच्याच घरी तो वारला. त्याच्या आईचं, लुइझाचंही तसंच. गावात शाळा यावी म्हणून ती झगडली, १८८८ मध्ये 'द डॉन' हे बायकांचं मासिक काढलं, छपाईचे खिळे जुळवायलाही बायकाच ठेवल्या. १८९४ मध्ये लेकाचं पहिलं पुस्तक तिच्याच छापखान्यातून निघालं. लॉसनबद्दल वाचताना मी या बायकांपाशीच जास्त रेंगाळते, आणि मला तुमचे पाठकोरे कागद आठवतात.

ताई, मशीन आता खणात नसतं. परवा जेवताना सगळे हसले, मी विचारलं, जावई म्हणाले "काही नाही", आणि मी म्हटलं, "नाही, सांगा. मी थांबते." सांगितलं त्यांनी. विनोद फार काही नव्हता, पण मीही हसले.

आणि एक. ती गोष्ट मी वहीत मराठीत उतरवायला घेतली आहे. रुमालापर्यंत आले. ड्रोव्हरला शब्द अजून सापडलेला नाही. मंगळवारी वही घेऊन येते, पेन्सिल टोकदार करून ठेवा.

तुमची,
खिडकीजवळच्या खुर्चीतली बाई