प्रभावळ गेली, आता खांब तरी वाचू देत

संपादक साहेब, नमस्कार.

कालच्या पेपरातला जुन्या धातूच्या आणि दगडाच्या वस्तू टिकवायच्या संशोधनावरचा लेख दोनदा वाचला. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या लोखंडात फॉस्फरस जास्त, त्यामुळं त्यावर पातळ थर धरतो आणि १६०० वर्षं झाली तरी तो गंजून गेला नाही, आयआयटी कानपूरच्या बालसुब्रमण्यम सरांनी हे उलगडून दाखवलं, सगळं चांगलंच आहे. पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यातल्या देवळाच्या कमिटीनं काय करायचं आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही, यावर एक ओळ नाही. राग त्याचा आला.

आमच्या देवीच्या मूर्तीमागची पितळी प्रभावळ आज्जाच्याही आधीची. वर कीर्तिमुख, दोन्ही बाजूला मकर, खाली देणाऱ्याचं नाव कोरलेलं, बोट फिरवलं की अक्षरं लागायची. दोन वर्षांमागं यात्रेच्या आधी मीटिंगमध्ये ठरलं की चकचकीत करून आणायची. मीटिंगला मी पण होतो, मी पण हो म्हणालो, कुणालाच काही माहीत नव्हतं. पॉलिशवाल्यानं अ‍ॅसिडमध्ये बुडवली आणि वरून बफ मशीन मारलं. परत आली ती ठिकठिकाणी तांब्यासारखी लाल, कारण अ‍ॅसिडनं पितळेतलं जस्त निघून जातं. मकराचे डोळे सपाट झाले, नाव गेलं. देवळात म्हातारी माणसं नुसती बघत उभी राहिली. त्यात आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, आषाढात हिरवी भुकटी सुटायला लागली, पुसली की आठ दिवसांनी परत. अ‍ॅसिडमधलं क्लोराइड बारीक छिद्रांत राहतं आणि दमट हवेत आतून खात राहतं, ते काढून मग बेंझोट्रायझोल नावाचं गंज रोखणारं रसायन लावतात आणि ते काम जाणकारानंच करायचं असतं, हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर?

एका सरकारी ऑफिसला मराठीत अर्ज दिला. पाच महिन्यांनी उत्तर आलं ते पूर्ण कन्नडमध्ये, शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, तुमचं देऊळ आमच्या यादीत नाही एवढंच त्यात होतं. इथं पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? कन्नडबरोबर मराठी पण द्या, एवढंच मागतोय.

बेळगावच्या किल्ल्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर १२०४ सालचं, हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ कदंबांच्या काळातलं, त्यांच्याकडं लक्ष तरी आहे. गावोगावच्या वीरगळांचं, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारक-दगडांचं काय? आमच्या दोन वीरगळांना ऑइल पेंट मारलाय, आतली ओल बाहेर पडायला वाट नाही, क्षार रंगाखाली साठून दगडाचे पापुद्रे सुटायलेत.

यात्रांचा सीझन सुरू व्हायच्या आत तुम्ही एक चौकट छापा. अ‍ॅसिड नको, तारेचा ब्रश नको, दगडाला ऑइल पेंट आणि सिमेंट नको, हात लावायच्या आधी फोटो काढा, आणि जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करणाऱ्या लखनौच्या एनआरएलसी या सरकारी संस्थेची प्रयोगशाळा म्हैसूरलाही आहे, तिथं आधी विचारा. मोठ्या अक्षरात छापा, मी देवळाच्या दारावर लावतो.

आणि लवकर छापा, कारण आता कमिटीनं सभामंडपातले कोरीव खांब सँडब्लास्टिंग करून घ्यायचं ठरवलंय. वाळूच्या माऱ्यानं मळाबरोबर कोरीव कामही जातं असं मी सांगून बघितलं, कुणी ऐकत नाही, पेपरात आलं तर ऐकतील. मशीनवाला पुढच्या सोमवारी येणार आहे.

आपला,
एक जुना वाचक, ता. खानापूर