जम्बोचं कुबड लाउंजसाठी नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जम्बो जेटवरचा, म्हणजे बोइंग ७४७ वरचा लेख वाचला. फोटो एकदम भारी होते, खिडक्यांभोवती झरोके रंगवलेल्या एअर इंडियाच्या जुन्या ७४७ चा तर फारच. पण अख्खा लेख वरच्या मजल्यावरचा बार, गोल जिना, महाराजा आणि एअरहोस्टेसच्या साड्या यातच फिरत राहिला, आणि त्यात एक वाक्य असं आलं की विमानाच्या पुढच्या बाजूला जे कुबड आहे ते श्रीमंत प्रवाशांच्या लाउंजसाठी काढलं होतं. हे चूक आहे, आणि बारीकशी चूक म्हणून सोडून देण्यासारखं नाही, कारण हे विमान असं का झालं ते सगळं त्या कुबडापासूनच सुरू होतं. मी उमेदीची बरीच वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली पुष्कळशी जम्बोच्या पोटाखाली, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मुळात ही गोष्ट १९६५-६६ ची. पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना बोइंगच्याच आधीच्या ७०७ या विमानाच्या दुपटीहून मोठं विमान पाहिजे होतं, आणि बोइंगचे प्रमुख बिल अ‍ॅलन यांनी ते बनवायचं कबूल केलं. एप्रिल १९६६ मध्ये पॅन अ‍ॅमने २५ विमानांची ऑर्डर दिली, साडेबावन्न कोटी डॉलरची, आणि तेव्हा विमान सोडा, ते ज्या कारखान्यात बनणार तो अमेरिकेतल्या एव्हरेट गावचा कारखानासुद्धा उभा नव्हता. चीफ इंजिनिअर होते जो सटर. त्यावेळी सगळ्यांचं लक्ष सुपरसॉनिक विमानांकडे होतं. तिकडे युरोपात कॉनकॉर्डचं काम चालू होतं, बोइंगमध्येही आवाजापेक्षा वेगवान विमानाचा प्रोजेक्ट जोरात होता, आणि थोड्याच वर्षांत प्रवासी सगळे त्यातूनच जाणार असं भलेभले धरून चालले होते. मग ७४७ चं काय होणार? तर ते माल वाहणार. म्हणून सटर यांच्या टीमने पहिल्या दिवसापासून ते मालवाहू विमान म्हणूनच आखलं, प्रवासी घेऊन जाणारं मालवाहू विमान म्हणा हवं तर.

आता बघा यातून काय काय निघालं. आठ फूट रुंद, आठ फूट उंच असे दोन कंटेनर शेजारी शेजारी मावले पाहिजेत, यावरून विमानाची रुंदी ठरली. लांबच लांब माल सरळ आत ढकलता यावा म्हणून नाक वर उघडलं पाहिजे. नाक उघडायचं तर पायलट तिथे बसून कसं चालेल, म्हणून कॉकपिट उचलून वरच्या मजल्यावर नेलं. आणि कॉकपिट वर गेल्यावर त्याच्या मागे एकदम पायरीसारखं तुटलं तर हवेचा प्रवाह बिघडतो, म्हणून त्याला मागे उतरत जाणारा आकार दिला. हेच ते कुबड. त्याच्या आत जी जागा आपोआप निर्माण झाली ती बघून ट्रिप म्हणाले की ही प्रवाशांना वापरू द्या, आणि मग तो जिना, तो लाउंज वगैरे आलं. म्हणजे आधी कंटेनर, मग कॉकपिट, लाउंज सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. ट्रिप यांच्या डोक्यात सुरुवातीला पूर्ण दुमजली विमान होतं, सटर यांना ते पसंत नव्हतं. एकतर त्यात माल नीट बसत नाही, आणि दुसरं म्हणजे वरच्या मजल्यावरून एवढी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढायची कशी हा प्रश्न. शेवटी बोइंगचा एक इंजिनिअर पॅन अ‍ॅमच्या मीटिंगला २० फूट लांब दोरी घेऊन गेला आणि ती खोलीत आडवी धरून दाखवली, की एका मजल्यावर केबिन एवढी रुंद होईल. आज आपण मोठ्या विमानात दोन पॅसेजमधून ट्रॉल्या जाताना बघतो, त्याची सुरुवात तिथे झाली.

पण खरं सांगायचं तर मला या विमानाबद्दल सगळ्यात जास्त जे वाटतं ते त्याच्या पोटाखालच्या गोष्टींबद्दल. मेन लँडिंग गिअर, म्हणजे चाकं लावलेले मुख्य पाय, चार, प्रत्येकाला चार चाकं, आणि पुढे नाकाखाली दोन, अशी १८ चाकं. पहिल्या मॉडेलचंच वजन ३०० टनांच्या वर, ते रनवेवर वाटलं जावं म्हणून हे आहेच, पण चारपैकी दोन मेन गिअर उतरलेच नाहीत तरी विमान उतरवता यावं हाही हिशोब त्यात आहे. मधले जे दोन बॉडी गिअर असतात ते टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, मोठ्या वळणावर नाकाच्या चाकाच्या उलट दिशेला वळतात, नाहीतर टायर रनवेवर घासून फाटतील. नाइट शिफ्टला व्हील वेलमध्ये, म्हणजे चाकं आत जाऊन बसतात त्या खणात, टॉर्च घेऊन उभं राहिलं की डोक्यावर हायड्रॉलिकच्या पाइपांचं जाळं दिसायचं, आणि कुठे जॉइंटला जांभळट थेंब दिसला की समजायचं स्कायड्रॉल, म्हणजे हायड्रॉलिकमधलं तेल, लीक होतंय. ते कातडीला लागलं तर आग आग होते आणि डोळ्यात गेलं तर विचारूच नका. पण त्या जाळ्यात एक नाही, दोन नाही, चार वेगवेगळ्या सिस्टीम होत्या. विमान वळवणारे, वरखाली करणारे पंखांचे आणि शेपटीचे सगळे भाग हायड्रॉलिकवर चालतात, इतक्या मोठ्या विमानात हाताच्या जोरावर काही हलत नाही, म्हणून एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी.

हे नुसतं कागदावरचं नव्हतं. ३० जुलै १९७१ ला सॅन फ्रान्सिस्कोत पॅन अ‍ॅमचा एक जम्बो टेकऑफ करताना रनवेच्या टोकाच्या लाइटांच्या सांगाड्याला धडकला, लोखंडाचे तुकडे केबिनमध्ये घुसले, गिअर मोडला, चारपैकी तीन हायड्रॉलिक सिस्टीम गेल्या. उरलेल्या एकावर पायलटनी विमान समुद्रावर फिरवलं, इंधन टाकून दिलं आणि परत आणून उतरवलं. काही जण गंभीर जखमी झाले पण एकही माणूस दगावला नाही. असं डिझाइन करणाऱ्यांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

आणि जिथे ते कमी पडलं तेही लिहायला पाहिजे, नाहीतर ते कौतुक खोटं. १२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या जम्बोचं मागचं प्रेशर बल्कहेड, म्हणजे केबिनमधली दाबाची हवा अडवून धरणारी भिंत, फुटलं. सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी जोड द्यायला हवा होता तिथे तो एकाच रांगेवर राहिला होता. हवेच्या झोताने शेपटीचा उभा भाग गेला, आणि चारही हायड्रॉलिकच्या लाइनी तिथूनच जात होत्या म्हणून चारही एकदम रिकाम्या झाल्या. ५२० माणसं गेली. त्यानंतर शेपटीच्या त्या पोकळीला झाकण आणि चौथ्या लाइनला फ्यूज, म्हणजे गळती झाली की तेल अडवणारा झडपेसारखा भाग, बसवायचा बदल आला. मेंटेनन्सवाल्याने एक जोड चुकवला तर काय होतं हे आमच्या पिढीला त्या अपघाताने शिकवलं.

आपल्या मुंबईचंही एक मोठं दुःख या विमानाशी बांधलेलं आहे आणि तुमच्या लेखात त्याचा उल्लेखही नाही याचं मला वाईट वाटलं. एअर इंडियाचा पहिला जम्बो 'सम्राट अशोक' १९७१ मध्ये आला, आणि तोच १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघाला आणि काही क्षणांत बांद्र्याच्या समुद्रात गेला, २१३ माणसं होती. विमानाचा कल दाखवणारं कॅप्टनसमोरचं इन्स्ट्रुमेंट उजवीकडे अडकलं होतं, बाहेर समुद्रावर मिट्ट काळोख, कॅप्टनना वाटलं विमान उजवीकडे कललंय म्हणून त्यांनी ते डावीकडे वळवत नेलं. को-पायलटसमोर दुसरं इन्स्ट्रुमेंट होतं, मध्ये तिसरं स्टँडबायही होतं. बॅकअप जागेवर असला तरी त्या काही सेकंदांत विश्वास कुठल्या काट्यावर ठेवायचा हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी लागतं ते ट्रेनिंग. एअर इंडियाच्याच 'कनिष्क' या जम्बोचं २३ जून १९८५ चं प्रकरण वेगळं, तो बॉम्ब होता, ३२९ लोक गेले, तिथे विमानाचा काही दोष नव्हता. त्या दिवशी त्याच्या डाव्या पंखाखाली पाचवं इंजिन लटकवलेलं होतं, म्हणजे कॅनडात नादुरुस्त झालेलं इंजिन परत मायदेशी आणत होते. जम्बोला अशी सोय मुळातच होती, स्पेअर इंजिन पंखाखाली बांधून न्यायची, हे फार लोकांना माहीत नसतं.

इंजिनांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय थांबता येत नाही. ७४७ शक्य झालं ते हाय बायपास इंजिनामुळे, म्हणजे पुढे मोठा पंखा आणि त्याने ओढलेल्या हवेतली बरीचशी हवा आतल्या आगीत न जाता बाहेरूनच मागे जाते, त्यामुळे इंधन कमी आणि आवाजही कमी. पण प्रॅट अँड व्हिटनीच्या त्या पहिल्या इंजिनाने जीव काढला. जोर लागला की बाहेरचं कवच गोल न राहता किंचित लंबगोल व्हायचं आणि आतली पाती त्याला घासायची. इंजिनं वेळेवर मिळेनात म्हणून एव्हरेटला तयार विमानं पंखांना काँक्रीटचे ठोकळे लटकवून उभी होती, वजनाचा तोल राहावा म्हणून. २२ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्क ते लंडन पहिली प्रवासी फ्लाइट गेली तीसुद्धा इंजिन तापल्यामुळे विमान बदलून, काही तास उशिराने. बोइंग तेव्हा कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. आणि पुढे हीच मोठ्या पंख्याची इंजिनं सुधारत सुधारत इतकी ताकदवान आणि भरवशाची झाली की दोन इंजिनांवर महासागर ओलांडता यायला लागला, मग चार इंजिनांना कोण इंधन आणि मेंटेनन्स पुरवणार? लेखात जम्बो 'जुना झाला म्हणून गेला' असं लिहिलंय, त्यापेक्षा हे सांगायला हवं होतं की ज्या तंत्रामुळे तो जन्माला आला त्याच तंत्राने त्याची जागा घेतली.

आणि सटर यांचा अंदाज बघा. सुपरसॉनिकची ती लाट विरली, कॉनकॉर्ड सगळी मिळून २० बनली. जम्बो १,५७४ बनले आणि त्यातला शेवटचा ३१ जानेवारी २०२३ ला अ‍ॅटलस एअरला दिला तो मालवाहूच होता. प्रवासी कंपन्यांनी घेणं थांबवल्यावरही मालवाल्यांनी त्याला जगवलं, त्या वर उघडणाऱ्या नाकामुळे. आजही मोठं मशीन, लांब पाइप असं काही न्यायचं तर ते नाक कामाला येतं.

आता शेवटचा मुद्दा. २२ एप्रिल २०२४ ला एअर इंडियाचा जम्बो मुंबईहून उडाला, पंख हलवून निरोप घेतला, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, शेअर केला. तो अमेरिकेत गेला सुट्या भागांसाठी. 'अजिंठा' नावाच्या जम्बोने २०२० मध्ये वुहानमधून आपली मुलं आणली, 'शिवाजी' नावाचा होता, जुन्या गोव्याच्या नावाचाही एक होता. यातलं आपल्या मुलांना हात लावून बघता येईल असं मुंबईत काय ठेवलंय आपण? अख्खं विमान उभं करायला जागा आणि पैसा लागतो हे मान्य, पण वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये चार चाकांचा एक बॉडी गिअर, एक उघडून ठेवलेलं इंजिन आणि त्या दोन रांगांच्या रिव्हेटचा एक जोड ठेवणं नक्की जमेल. तुमच्या पेपरने हा विषय लावून धरावा अशी विनंती आहे, आणि सोबत सांताक्रूझ-कलिन्याच्या हँगरमध्ये काम केलेल्या मेकॅनिक, शीटमेटलवाले, इन्स्ट्रुमेंटवाले यांच्या मुलाखती घ्याव्यात. त्यातले बरेच जण आता सत्तरी-ऐंशीत आहेत, डोंबिवली, विरार, पनवेल इथे राहतात, विचारलं तर तासन् तास बोलतील. आणि कुबडाबद्दलची दुरुस्ती तेवढी येत्या रविवारी छापा.

आपला नियमित वाचक,
डोंबिवली (पूर्व)