ताई, त्या साडेसात मिनिटांबद्दल

ताई,

व्हॉइसवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता. "बरं, स्कूप चालू केलास का?" म्हणता आणि पुढच्या जहाजाकडे वळता. म्हणून हे पत्र, तेही उघडं. आपल्या ग्रुपबाहेरचे लोक वाचतील, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. तुम्हाला कंटाळा आला तर मधला भाग गाळा.

खेळ एलिट डेंजरस. 2014 सालचा, तरी अजून सुटत नाही. आपली आकाशगंगा खऱ्या आकारात, सुमारे 400 अब्ज तारकासंस्था, आणि त्यातल्या बहुतेकांकडे अजून कुणी फिरकलेलं नाही. बीगल पॉइंट हे पलीकडचं टोक सूर्यापासून 65,279 प्रकाशवर्षांवर आहे. आपण 14 जहाजं तिकडे निघालो होतो. 2019च्या डिस्टंट वर्ल्ड्स 2 मोहिमेत 13,000हून जास्त खेळाडूंनी नाव नोंदवलं होतं, त्यापुढे आपण म्हणजे रिक्षातली सहल. तरीसुद्धा निघण्याआधी पंधरा दिवस तुम्ही प्रत्येकाकडून तक्ता भरून घेतला: टाकी किती टनांची, एका पूर्ण जंपला (एका ताऱ्यावरून दुसऱ्यावरच्या उडीला) किती टन लागतात, स्कूप (ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारं यंत्र) कोणता, लाइफ सपोर्ट कोणत्या दर्जाचा, तुझी जोडी कोण.

आम्ही हसलो होतो, हे आता कबूल करतो. "ताईंचा शिधावाटप विभाग" हे नाव मीच पाडलं होतं.

तक्त्यात माझ्या ओळीसमोर तुम्ही लाल खूण केली होती. माझं जहाज एस्प एक्सप्लोरर. त्याची मूळ टाकी 32 टनांची, ती काढून मी 16ची बसवली होती. वजन कमी, रेंज जास्त, स्क्रीनवर आकडा छान दिसतो. माझा ड्राइव्ह, म्हणजे जंप मारणारं इंजिन, एका पूर्ण जंपला जास्तीत जास्त 5 टन खातो, म्हणजे टाकी भरलेली असली तरी तीन जंप आणि वर चिमूटभर. तुमचा नियम चार पूर्ण जंपांचा होता. गुहांमध्ये बुडी मारणाऱ्यांची पद्धत तुम्ही तेव्हा सांगितली होती: हवेचा एक तृतीयांश आत जायला, एक तृतीयांश बाहेर यायला, आणि उरलेला तिसरा भाग कुणाचं तरी काहीतरी बिघडेल तेव्हासाठी. मी म्हणालो, "ताई, इथे दर दुसऱ्या ताऱ्यावर पेट्रोल पंप आहे." त्यावर तुम्ही म्हणालात, "दर दुसऱ्या ना? मग पहिल्यावर काय करशील?" मला वाटलं, कोटी आहे.

न खेळणाऱ्यांसाठी: जहाज ताऱ्याजवळून नेऊन इंधन भरता येतं, पण प्रत्येक ताऱ्यावर नाही. के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या वर्गांचे तारे चालतात. सगळे त्याला के-जी-बी-फोम म्हणतात. एल, टी, वाय हे तपकिरी बटू, न्यूट्रॉन तारे, श्वेत बटू, कृष्णविवरं यांच्यावर भांडं घेऊन गेलात तरी थेंब मिळत नाही. नकाशात वर्ग निवडून रूटला तोच फिल्टर लावायची सोय आहे. न्यूट्रॉन ताऱ्याच्या झोतातून एकदा गेलं की पुढच्या जंपची रेंज चौपट होते, म्हणून त्या टप्प्यासाठी मी फिल्टर काढला होता. टप्पा संपला. फिल्टर परत लावायचा राहिला.

मग एक टी. मग एक वाय. पुन्हा टी. मी गाणी ऐकत होतो.

जहाजाने इंधन कमी असल्याचं सांगितलं तेव्हा टाकीत 1.3 टन होतं. इथून पुढचा हिशोब तुम्ही मला नंतर शिकवलात, आणि तो आधी माहीत असता तर या पत्राची गरजच पडली नसती. जंपचं इंधन अंतराच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. माझ्या ड्राइव्हसाठी ते अंतराच्या जवळजवळ अडीचाव्या घाताने वाढतं. म्हणजे अर्ध्या अंतराच्या जंपला पूर्ण जंपच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी इंधन लागतं. माझी पूर्ण जंप 50 प्रकाशवर्षांची. 1.3 टन म्हणजे पूर्ण जंपच्या खुराकाचा जेमतेम चौथा हिस्सा, तरी तेवढ्यात 29 प्रकाशवर्षं जाता येत होतं. आणि मागच्या बाजूला 27 प्रकाशवर्षांवर के वर्गाचा एक तारा होता. नारिंगी, गरीब, इंधनाने भरलेला.

मी मागे वळलो नाही. पुढे 26 प्रकाशवर्षांवर एक तारकासंस्था दिसली, ताऱ्याचा वर्ग न बघताच उडी मारली. आधीच मागे पडलो होतो, जोडीदार दोन वेपॉइंट पुढे होता, आणि मला वाटलं, इतके टी-वाय झाले, आता तरी चांगला येईल. तारे काही कुणाचं देणं लागत नाहीत. पुढे वायच होता. टाकीत 0.3 टन, पोहोच 16 प्रकाशवर्षांची. सर्वांत जवळचा भरण्याजोगा तारा 19वर.

आता जे सांगतो ते तक्त्यात नाही. त्या क्षणी मी ग्रुपवर लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. एक तास दहा मिनिटं मी काहीच बोललो नाही. सुपरक्रूझमध्ये, म्हणजे संस्थेच्या आतल्या वेगवान उड्डाणात, त्या वाय बटूभोवती घिरट्या घालत, नकाशा उलटसुलट करत राहिलो, जणू पुन्हा पाहिलं की 19चे 15 होतील. जहाज चालू असतं तेव्हा रिअ‍ॅक्टर इंधन पीतच असतो. ज्या 0.3 टनावर मी निवांत थांबू शकलो असतो ते मी लाजेपायी जाळलं. शिधावाटप विभाग म्हणणारा मी. आता त्याच विभागाच्या दारात वाडगा घेऊन कसा जाऊ?

मधे तुमचा नेहमीचा संदेश आला: "सगळे आपापल्या टाक्या सांगा." बाकीच्यांनी सांगितल्या. मी "ठीक" असं लिहिलं. ताई, या एका शब्दाबद्दल मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं.

मग इंधन संपलं, राखीव टाकीसुद्धा. दिवे गेले, स्क्रीनवर ऑक्सिजनचं घड्याळ सुरू झालं. वजन वाचवायला लाइफ सपोर्टही मी डी दर्जाचा घेतला होता, सगळे भटके घेतात तसा. तो साडेसात मिनिटं देतो. ए दर्जाचा पंचवीस देतो. साडेसातातली दोन मिनिटं मी बटणं दाबण्यात घालवली आणि मग तुम्हाला हाक मारली. ग्रुपवर नाही, एकट्या तुम्हाला. तेव्हासुद्धा लाज शिल्लक होती.

तुम्ही विचारलं नाहीत की काय झालं, कसं झालं, फिल्टर कुठे होता. पहिला प्रश्न: "घड्याळ चालू आहे का?" मी हो म्हणालो. "मेन मेन्यूला जा. आत्ता. बोलू नकोस, आधी जा."

मी गेलो, आणि घड्याळ थांबलं. खेळातून बाहेर असताना ऑक्सिजन संपत नाही, हे मला शेकडो तास खेळूनही माहीत नव्हतं. पाच मिनिटं अकरा सेकंद शिल्लक होती. त्यानंतर आपण अर्धा तास बोललो आणि त्यातला एक सेकंदही खर्च झाला नाही. नंतर तुम्ही सांगितलंत की हा क्रम फ्युएल रॅट्सकडून घेतलाय. 2015पासून ही मंडळी अनोळखी खेळाडूंना फुकट इंधन पोचवत आलीत आणि त्यांचं ब्रीद असं: आमच्याकडे इंधन आहे, तुमच्याकडे नाही, काही प्रश्न? ऑक्सिजनचं घड्याळ चालू असलेल्या केसला ते कोड रेड म्हणतात. तुमच्यासारखेच आहेत वाटतं, चौकश्या कमी.

मग तुम्ही मला कामाला लावलंत. तारकासंस्थेचं नाव अक्षर अन् अक्षर वाचून दाखव. कार्बन आहे? आहे. व्हॅनेडियम? आहे. जर्मेनियम? नाही. एक जर्मेनियम असतं तर या तिघांच्या मिश्रणाने जंपला पाव पट जादा जोर मिळाला असता. 0.3 टन होतं तेव्हाच वापरलं असतं तर 16चे 20 झाले असते आणि मी त्या ताऱ्यापर्यंत स्वतःच्या पायाने गेलो असतो. ही द्रव्यं मिळतात अशा किती खडकांवरून रस्त्यात मी "वेळ नाही" म्हणत गेलो होतो! हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत. मीच दुसऱ्या दिवशी हिशोब केला आणि पांघरूण डोक्यावर घेतलं.

तुम्ही 740 प्रकाशवर्षांवर होतात. सगळी लिंपेट (दुसऱ्या जहाजाला इंधन पोचवणारे छोटे ड्रोन) भरलेलं तुमचं जड जहाज, मला वाटलं आता सुसाट निघाल. तुम्ही आधी स्वतःची टाकी काठोकाठ भरलीत, मग दुसऱ्या एकाला त्या 19 प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यापाशी भरल्या टाकीने उभं केलंत, आणि त्यानंतर निघालात. मी उतावीळ झालो होतो. मागे मी कर्बल स्पेस प्रोग्राम खेळायचो, तिथे मन नावाच्या चंद्रावर अडकलेल्या एका हिरव्या गड्याला सोडवायला दुसरा पाठवला, तो अडकला, त्याला सोडवायला तिसरा. शेवटी तिथे माझी वसाहत झाली. तो विनोद तुम्हाला सांगितला तर तुम्ही म्हणालात, "म्हणूनच भरतेय." बस्स.

पुढचं सगळं इतकं सरळ झालं की सांगण्यासारखं काही नाही. तुम्ही संस्थेत पोचलात, मग मला आत बोलावलंत. टीमचं आमंत्रण, बीकन चालू, घड्याळ पुन्हा पळायला लागलं आणि चार मिनिटं वीस सेकंदांवर पहिलं लिंपेट येऊन टेकलं. एका लिंपेटमधून एक टन. दिवे लागले. मी म्हणालो, पुरे, एवढ्यात पोचतो. तुम्ही आणखी चार सोडलीत. "एका टनात तारा गाठशील. पाचात ताऱ्याचा नेम चुकला तरी गाठशील."

आणि मग ती नोंद. आपल्या मोहिमेच्या वहीत त्या रात्रीबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत: "टाकी 16, फिल्टर बंद, वर्ग न पाहता जंप, हाक 70 मिनिटं उशिरा. उपाय: शब्द ठरवणे." नाव नाही. बाकी तेरा जणांना कोण ते अर्थातच कळलं होतं, पण कुणी चिडवलं नाही, कारण तुमच्या ओळीत चिडवायला जागाच नव्हती. त्यात चार गोष्टी घडल्या होत्या आणि त्यातल्या तीन कुणाच्याही हातून घडू शकल्या असत्या. चौथी माझी होती, आणि उपाय तुम्ही नेमका तिच्यावर काढलात.

शब्द ठरवायच्या बैठकीत तुम्ही त्या विमानाची गोष्ट सांगितलीत. 1990 साली न्यूयॉर्कजवळ घिरट्या घालून घालून इंधन संपलेलं प्रवासी विमान. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं होतं, पण आणीबाणी जाहीर करणारा तो ठरलेला शब्द उच्चारला नाही. 73 माणसं गेली. खेळात कुणी मरत नाही, आमचा फार तर आठवड्यांचा शोधाचा डेटा जातो, आणि दोन्ही गोष्टी एका ओळीत ठेवायला मलाही संकोच वाटतो. पण त्या दिवशी माझं "ठीक" आठवून मी माइक बंद केला होता.

आता आपला शब्द "कोरडा" आहे. टाकीत दोन पूर्ण जंपांपेक्षा कमी राहिलं आणि पुढचा तारा भरण्याजोगा नसला की तो म्हणायचा, कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही. ऐकणाऱ्याने फक्त "कुठे?" विचारायचं. परतीच्या वाटेवर तो सहा वेळा म्हटला गेला. त्यातल्या पाच वेळा काहीच करावं लागलं नाही, जोडीदाराने नकाशा बघून छोट्या जंपांचा रूट सुचवला आणि भागलं. आपल्या कॅरियरचं, म्हणजे सोबतच्या मोठ्या तळ-जहाजाचं, इंधन ट्रिटियम कधी कमी पडलं नाही, त्याबद्दलही आभार मानायला हवेत, पण तो ग्रहांभोवतीची बर्फाची कडी खोदून काढणाऱ्यांचा मान आहे. त्यांना वेगळं लिहीन.

तुमचे मात्र आभार मानतो. पाच टनांचे तर आहेतच. त्याहून जास्त त्या पहिल्या प्रश्नाचे, आणि नाव न लिहिलेल्या ओळीचे. आणि त्या रात्री मी इंधन भरून वेपॉइंटवर पोचलो तेव्हा सगळ्यांसमोर तुम्ही एवढंच म्हणालात, "आला का? चला, चौदा झाले," त्याचेही.

पुढच्या मोहिमेसाठी तक्ता परत पाठवतोय. टाकी 32, लाइफ सपोर्ट ए, फिल्टर लावलेला, आठ लिंपेट. रेंज पाच प्रकाशवर्षांनी घटली आहे आणि स्क्रीनवरचा आकडा बघून अजून थोडं दुखतं. जर्मेनियम 27 आहेत. मोजून घ्या.

तुमचा,
शिधापत्रिका क्रमांक 9