स्वीकृत सदस्यांच्या जागा जाणकारांनाच मिळाव्यात

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

महापालिकेची निवडणूक होते, महापौर ठरतात, समित्या ठरतात आणि या सगळ्या धामधुमीत ज्यांच्याविषयी सर्वांत कमी चर्चा होते त्या नेमणुका म्हणजे स्वीकृत सदस्यांच्या, म्हणजेच निवडणुकीने नव्हे तर नेमणुकीने सभागृहात येणाऱ्यांच्या. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि बहुतेक शहरांत कित्येक वर्षांनी प्रशासकांकडचा कारभार पुन्हा लोकप्रतिनिधींच्या हाती आला. स्वीकृत सदस्यांच्या जागा नेमक्या कशासाठी आहेत, याची आठवण या निमित्ताने करून द्यावी, असे चाळीस वर्षे स्थापत्य अभियंता म्हणून काम केलेल्या माझ्यासारख्या पुणेकराला मनापासून वाटते.

७४ व्या घटनादुरुस्तीने महापालिकेच्या कारभाराचे विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेल्या व्यक्तींना सभागृहात घेण्याची तरतूद केली. त्यांना मतदानाचा अधिकार नाही, पण बोलण्याचा आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये या नेमणुकांसाठी नियम केले आणि त्यांत डॉक्टर, शिक्षणतज्ज्ञ, सनदी लेखापाल, अभियंता, वकील, पालिका प्रशासनातील निवृत्त अधिकारी आणि समाजकल्याणाचे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांचे पदाधिकारी अशी वर्गवारी अनुभवाच्या अटीसह घालून दिली. पूर्वी या जागा जास्तीत जास्त पाच असत. २०२३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा निवडून आलेल्या सदस्यांच्या दहा टक्के किंवा दहा, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी झाली. म्हणजे १६५ नगरसेवकांच्या पुण्यात दहा जाणकार सभागृहात बसू शकतात. प्रत्यक्षात यांतल्या बऱ्याच जागा निवडणुकीत पडलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या कार्यकर्त्यांची समजूत काढण्यासाठी खर्ची पडतात, हे उघड गुपित आहे. त्यासाठी वर्गवारीतला शेवटचा, संस्थेच्या पदाधिकाऱ्याचा दरवाजा सर्वांत सोयीचा ठरतो. एखाद्या संस्थेच्या लेटरहेडवर पद असले की अट पूर्ण झाली, असेच धरले जाते.

जाणकार माणूस सभागृहात असल्याने काय फरक पडतो, याचे मला सर्वांत ठळक वाटणारे उदाहरण मुंबईचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या दाट वस्तीत, धान्याच्या गोदामांच्या आसपास, तापाचे आणि सुजलेल्या गाठींचे रुग्ण डॉ. अकासियो व्हिएगस यांना दिसू लागले. ते मूळचे गोव्याचे, मांडवीत दवाखाना चालवणारे आणि त्याच वेळी मुंबई महापालिकेचे सदस्य होते. हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि ते पालिकेत ठामपणे मांडले. रोगी तपासणारा हात आणि स्थायी समितीत बोलणारा आवाज एकाच माणसाचा होता, म्हणून रुग्णाच्या खाटेपासून सभागृहापर्यंतचे अंतर इतक्या लवकर कापले गेले. पुढे ते महापालिकेचे अध्यक्षही झाले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. तिथून रोज हजारो माणसे जातात, पण तो कोणाचा हे सांगणारे फार थोडे भेटतात, याचे मला वाईट वाटते. पुण्यातही बांधकामाच्या व्यवसायाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य होते. आपल्या शहरांना ही परंपरा नवी नाही.

आता जवळचा अनुभव सांगतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांत पाणी घुसून अनेकांचे प्राण गेले. ओढ्याला मिळणारा एक छोटा नाला आमच्या भागातून जातो. पुरानंतर आम्ही शेजारचे पाच जण एकत्र आलो: मी, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई, एक सनदी लेखापाल, तळमजल्यावर दवाखाना असलेले एक डॉक्टर आणि एक तरुण वास्तुविशारद. माझ्याकडे जुनी डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजण्याची दुर्बीण, होती. तीन रविवार आम्ही नाल्याच्या काठाने मोजणीची उभी पट्टी धरून तळाची आणि रस्त्याची पातळी मोजत गेलो. बाईंना त्या जागेचे पन्नास वर्षांपूर्वीचे वळण आठवत होते आणि आजची सीमाभिंत नेमकी त्या वळणावर उभी असल्याचे त्यांनीच दाखवून दिले. डॉक्टरांनी आपल्या नोंदवहीतून कोणत्या गल्लीत डेंग्यूचे रुग्ण जास्त आले ते काढले. लेखापालांनी अंदाजपत्रकाची पाने उलटून नालेसफाई एका शीर्षाखाली आणि त्याच नाल्याच्या भिंतीची दुरुस्ती दुसऱ्या शीर्षाखाली कशी येते ते शोधले. एका मोरीत, म्हणजे नाल्याचे पाणी रस्त्याखालून नेणाऱ्या वाटेत, मला जे दिसले ते मात्र मोजमापाशिवायही कळण्यासारखे होते. मोरीच्या तोंडातूनच एक जलवाहिनी आडवी नेलेली होती, तिच्यावर फांद्या, चिंध्या आणि प्लास्टिक अडकून जाड थर झाला होता आणि पाणी जायला जेमतेम निम्मी वाट उरली होती. वास्तुविशारदाने त्याचे रेखाचित्र काढले आणि आम्ही दोन पानी टिपण तयार केले.

टिपणावर आवक शिक्का मिळाला. त्यापुढे वर्षभर काहीही झाले नाही. नंतर एक कनिष्ठ अभियंता जागेवर आला, दहा मिनिटांत त्याच्या सगळे लक्षात आले आणि तो मला म्हणाला, "साहेब, तुमचं बरोबर आहे, पण हा विषय सभेत लावून धरणारं कोणीतरी पाहिजे." त्या मुलाला मी दोष देत नाही. तांत्रिक प्रश्न सभागृहाच्या भाषेत मांडणारा, एस्टिमेट वाचता येणारा आणि आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घेणारा माणूस सभेत नसला, की खालच्या अभियंत्याचे शहाणपण फाइलमध्येच राहते. मत नसलेल्या सदस्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना माझे हेच उत्तर आहे.

यात आम्हा व्यावसायिकांचाही दोष आहे, तो लपवणे योग्य नाही. वेळ नाही, राजकारण नको, असे म्हणत आम्ही बाजूला राहिलो आणि मग कारभार बिघडल्याची तक्रार केली. शिवाय ज्या वास्तुविशारदाचे नकाशे मंजुरीसाठी पालिकेत पडले आहेत किंवा ज्या अभियंत्याची कंपनी टेंडर भरते, त्याने सभागृहात बसण्यापूर्वी ते लेखी जाहीर करायला हवे आणि त्या विषयाच्या चर्चेतून उठून जायला हवे. याविषयी आमच्या व्यावसायिक संघटनांनी स्वतःहून आग्रह धरला तर नेमणुकांवरचा लोकांचा विश्वास वाढेल.

जाणकार म्हणजे केवळ पदवीधर असेही मी मानत नाही. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांना संघटित करत आली आहे आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या सदस्य घरोघरचा कचरा गोळा करत आहेत. शहराच्या कचऱ्यात काय असते, कोणत्या वस्तीत ओला-सुका वेगळा होतो आणि कुठे केवळ कागदोपत्री, हे त्यांच्याइतके कोणालाही माहीत नाही. नोंदणीकृत संस्थांसाठी ठेवलेली वर्गवारी खरे तर अशा अनुभवासाठी वापरली जायला हवी होती.

माझी मागणी मोठी नाही आणि तिच्यासाठी कायदा बदलावा लागेल असेही नाही. गटनेत्यांनी सुचवलेले प्रत्येक नाव नेमणुकीपूर्वी किमान पंधरा दिवस महापालिकेच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावे. त्यासोबत त्या व्यक्तीने शहराच्या कोणत्या प्रश्नावर काय काम केले आहे याचे एक पान असावे आणि नागरिकांच्या हरकती ऐकूनच आयुक्तांनी पात्रतेची छाननी करावी. निवड झालेल्यांचे ज्ञान ज्या विषयाचे आहे त्याच विषयावर त्यांना बोलावले जावे, आणि त्यांनी वर्षभरात सभागृहात काय मांडले ते इतिवृत्तासह लोकांना वाचायला मिळावे. प्रभाग समित्यांवरही स्वयंसेवी संस्थांचे तीन सदस्य घेण्याची तरतूद आहे. पुष्कळ व्यावसायिकांना पूर्ण सभागृहापेक्षा ती जागा अधिक झेपेल आणि तिथले प्रश्नही त्यांच्या दारातले असतील. आपल्या वृत्तपत्राने प्रत्येक महापालिकेतील स्वीकृत सदस्यांची नावे त्यांच्या व्यवसाय आणि अनुभवासह छापावीत, अशी माझी विनंती आहे.

आमच्या त्या दोन पानी टिपणाची प्रत, रेखाचित्र आणि पातळ्यांच्या तक्त्यासह, नव्या प्रभाग समितीला देण्यासाठी मी काढून ठेवली आहे. ती जलवाहिनी अजून त्याच मोरीत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
सहकारनगर, पुणे