गाडी ओढत नाही? आधी चाक बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की चोर्ला आणि अनमोड घाटांतल्या खड्ड्यांवर पत्रे येतात. ती यायलाच हवीत. मला त्या खड्ड्यांतून जाणाऱ्या जुन्या गाड्यांविषयी चार शब्द लिहायचे आहेत.

खानापुरात माझे गॅरेज आहे. भाजी, दुधाचे कॅन वाहणाऱ्या जुन्या व्हॅन, जीपगाड्या येतात. गिऱ्हाईक म्हणते, "मिस्त्री, गाडी ओढत नाही, ॲव्हरेजपण पडलंय, इंजिन खोला." मी आधी चाकाजवळ हात नेतो. चारांतले एखादे चाक नुसते भाजत असते. ब्रेक लागतो का ते सगळे बघतात, पाय काढल्यावर सुटतो का ते कोण बघतो?

मग लायनर (ब्रेकचे घासणारे अस्तर) बदलून मोकळे होतात आणि नवे लायनरही जळतात. त्याआधी एवढे करा. ते चाक जॅकवर उचला, बाकीच्यांना दगड लावा, ब्रेक दाबून सोडा. चाक हाताने फिरत नसेल तर त्या चाकाच्या ब्रेकचा निपल (ऑईल काढायचा छोटा स्क्रू) थोडा ढिला करा. ब्रेक ऑईल उडून चाक सुटले, तर दाब आत अडकला होता. एकच चाक धरत असेल तर बहुधा रबरी होज (ब्रेक ऑईलची नळी) आतून फुगलेला असतो. पायाच्या जोराने ऑईल पुढे जाते, पण परत येत नाही. बाहेरून होज चांगला दिसतो, म्हणून संशय येत नाही. सगळीच चाके धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑईल ढकलणारा पंप) बघा. पेडलला सुरुवातीची थोडी ढिलाई लागते. "ब्रेक वर पाहिजे" म्हणून ती काढून टाकली की ऑईल परतायचे भोक बंदच राहते.

निपल सोडूनही चाक हलले नाही, तर कॅलिपरच्या (डिस्क ब्रेकच्या पकडीच्या) पिना, पिस्टन नाहीतर हँडब्रेकची केबल गंजलेली समजा. कणकुंबीकडच्या गाड्यांत केबलच जास्त सापडते. तिकडच्या पावसात रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवण्यापेक्षा गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावलेला बरा.

नवे डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑईल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. हवेतला ओलावा शोषून जुने झाले की १४० लाच उकळू शकते. धरलेला ब्रेक घाट उतरताना तापला की त्या ऑईलची वाफ होते आणि पेडल थेट खाली जाते. न सुटणारा ब्रेक असा न लागणारा होतो. ऑईल कमी पडले म्हणून त्यात इंजिन ऑईल ओतणाऱ्यांना मात्र कोपरापासून नमस्कार! आतली सगळी रबरे फुगतात.

आणि धूर येणाऱ्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी मारू नका. ड्रम बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा असतो, तापलेले बीड पाण्याने तडकते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रींत ज्यांची हयात गेली त्यांच्या गावात हे सांगावे लागते, काय म्हणावे!

पावसाआधी एक दिवस पोलिसांनी जांबोटीला रस्त्याकडेची जागा दिली, तर आम्ही काही मिस्त्री आपापले जॅक घेऊन येऊ. तपासणीचे पैसे घेणार नाही, सामान ज्याचे त्याने आणावे.

– एक गॅरेजवाला, खानापूर