आधी नकाशा, मग शस्त्रक्रिया

संपादक महोदय,

गेल्या वर्षी माझ्या वहिनीचे पित्ताशयातले खडे दुर्बिणीने काढताना पित्तनलिकेला इजा झाली. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. दीड महिना पोटात नळी होती. पिशवीत किती पित्त उतरलं ते मी रोज सकाळी वहीत टिपायचो. सर्जनना दोष देत नाही. दुर्बिणीतून वरचा भाग तेवढा दिसतो, सुजेआडची नलिका दिसत नाही आणि बोटांना स्पर्शही नीट कळत नाही.

आता रुग्णाच्याच स्कॅनवरून त्रिमितीय नकाशा करून व्हीआर चष्म्यातून, म्हणजे आभासी दृश्य डोळ्यांपुढे उभं करणाऱ्या चष्म्यातून, आधी त्यात फिरून येता येतं. शस्त्रक्रियेत अवजाराचं टोक कुठे पोचलं, तेही त्यावर दिसू शकतं. पोटातले मऊ अवयव श्वासागणिक हलतात, म्हणून तिथे हा नकाशा मेंदू-मणक्याइतका अचूक बसत नाही, हे खरं. पण सराव तरी सुरू करा! बेळगावच्या बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खानापूर, निपाणीकडचे गोरगरीब येतात. सरकारने तिथल्या शिकाऊ डॉक्टरांना ही सोय द्यावी.

आणि तोच नकाशा नातेवाइकांना मराठीतून समजावून सांगावा. वहिनीचं संमतिपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. दादाने न वाचताच सही केली.

— एक वाचक, खानापूर